चंद्रावर राहिलेला लांगरी

हिंदुराव ढमाळांच्या कादंबरीला तीनशे बारा पानं होती आणि त्यांच्या बायकोला, पार्वतीबाईंना, चौथ्या पानावर झोप लागायची.

तीन वर्षांत हिंदुरावांनी कादंबरी एकोणीस वेळा वाचून दाखवायला घेतली होती. एकोणीसही वेळा ‘हवालदाराने काचेतून पृथ्वीकडे पाहिले’ या वाक्यापाशी पार्वतीबाईंची मान उजव्या खांद्यावर कलली. हिंदुरावांनी सकाळी वाचून पाहिलं, चहानंतर वाचून पाहिलं, एकदा तर त्यांना उभं राहायला सांगून वाचलं. पार्वतीबाईंनी कपाटाला पाठ टेकली आणि उभ्याउभ्या डोळे मिटले. हे कौशल्य फौजेत पहाऱ्यावरच्या जवानाला यायला चार वर्षं लागतात.

“कंटाळवाणं हाय का?” हिंदुराव विचारायचे.

“न्हाई ओ, लई छान हाय,” जागं होत पार्वतीबाई म्हणायच्या. “अंगाला निवांत वाटतंय ऐकून.”

आता कुणी म्हणेल, चार पानं सोडून द्यावीत आणि पाचव्यापासून वाचावं. पण हिंदुरावांच्या शिस्तीत ते बसत नव्हतं, शिवाय त्यांना लाज वाटायची. कारण पाचव्या पानावर पार्वतीबाई स्वतः होत्या.

हिंदुरावांनी फौजेत बावीस वर्षं लंगर सांभाळला होता. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर आणि तिथला स्वयंपाकी तो लांगरी. लांगऱ्याला अक्षर लागत नाही, मीठ जिभेला कळतं. त्या बावीस वर्षांत त्यांची पत्रं दुसऱ्यानं लिहिली आणि साताऱ्याकडच्या गावात ती पार्वतीबाईंना पोस्टमननं अंगणात उभं राहून वाचून दाखवली. लिहिणारा परका, वाचणारा परका, आणि ऐकायला निम्मी आळी. अशा पत्रात ‘इकडे सर्व खुशाल’ यापलीकडे माणूस काय सांगणार? मग हिंदुराव जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले, विद्याधर नगरात दोन खोल्या घेतल्या आणि बस्सीकडच्या रस्त्यावर एका गोदामाच्या फाटकावर बसू लागले. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याचं रजिस्टर भरावं लागे, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ते अक्षरं शिकले. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं पहिलं वाक्य ‘रिकामा ट्रक आत गेला’ हे होतं. साठाव्या वर्षी ते कादंबरीला बसले. खुशालीपलीकडचं जे बावीस वर्षं सांगायचं राहिलं होतं, ते सगळं पाचव्या पानावर होतं.

बाकी कादंबरी शास्त्रीय होती. सन दोन हजार ऐंशी. चंद्रावर आपल्या फौजेची चौकी. ती बंद करायचा हुकूम येतो, जवान यानात बसतात, साहेब माणसं मोजतो आणि लांगऱ्याला मोजायला विसरतो. यान निघून जातं. पुढची अडीचशे पानं लांगरी चंद्रावर एकटा. नाव ‘चंद्रावरची चौकी’.

जयपुरातल्या मराठी मंडळाच्या घराघरात हिंदुरावांनी प्रत स्वतः नेऊन दिली होती. सगळ्यांनी मुखपृष्ठाचं कौतुक केलं. कौतुक इतकं एकमतानं मुखपृष्ठाचं झालं, की आत कुणी गेलं नाही हे हिंदुरावांना फाटकावरच्या अनुभवानं लगेच कळलं.

आणि मग २००७ च्या जूनमध्ये खालच्या मजल्यावर अनुया पेंढारकर राहायला आली. नवरा विमा कंपनीत अधिकारी, नुकतीच बदली. अनुयानं पुण्यात ॲनिमेशन शिकून तीन वर्षं नोकरीही केली होती, ती बदलीपायी सोडावी लागली होती. जयपुरात तिला ओळख नाही, काम नाही, आणि बाहेर त्रेचाळीस अंश. तिनं कादंबरी दोन दिवसांत संपवली आणि वर येऊन म्हणाली, “काका, शेवटी मी रडले. याची फिल्म करू या.”

हिंदुराव खुर्चीतून उठून पुन्हा बसले. “पिच्चर?”

“ॲनिमेशन. बाहुल्या करायच्या, जरा हलवायच्या, फोटो काढायचा. परत हलवायच्या, परत फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. पाच मिनिटांची फिल्म होईल.”

तीनशे बारा पानांची पाच मिनिटं, हा हिशेब ऐकून हिंदुरावांच्या आतला कादंबरीकार दुखावला. पण तेवढ्यात आतला नवरा जागा झाला. पार्वतीबाई पाच मिनिटं जाग्या राहतात. कधीकधी सातसुद्धा. पिक्चर बघून त्यांना एकदा तरी वाटेल, की पुस्तकात पुढं काय आहे बघू. आणि पुढं म्हणजे पाचवं पान.

“करू,” हिंदुराव म्हणाले. “पंधरा दिवसांत उडवू.”

बावीस वर्षांत त्यांनी अडीचशे माणसांचं जेवण कधी पाच मिनिटंही उशिरा वाढलं नव्हतं, त्यामुळे त्यांना स्वतःबद्दल खात्री होती. ही खात्री शेवटपर्यंत हलली नाही, हे या हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाकी सगळं हललं.

आधी कादंबरी कापली गेली. अनुया पेन्सिल घेऊन बसली आणि प्रकरणांवर फुल्या मारत सुटली. चंद्रावरच्या पाणीपुरवठ्याचं प्रकरण गेलं. डाळ कमी दाबात का शिजत नाही, हे नऊ पानांचं विवेचन गेलं.

“हे शास्त्रीय हाय,” हिंदुराव म्हणाले.

“काका, नऊ पानं डाळ शिजतेय.”

“पण शिजत न्हाई, हाच तर मुद्दा हाय!”

शेवटी उरलं ते एवढं: चौकी, हुकूम, यान, मोजणी आणि एकटा लांगरी. हिंदुरावांनी कापलेली पानं पिशवीत घालून ठेवली. वेळ पडली तर म्हणून.

चंद्र जेवणाच्या टेबलावर मांडला. त्या घरात तेवढीच सपाट जागा होती. पांढऱ्या रांगोळीत इस्त्रीवाल्याच्या कोळशाची राख कालवली की हुबेहूब चंद्राची माती होते, हा शोध हिंदुरावांचा. मंडळाच्या गणपतीच्या मूर्तीसाठी आलेल्या शाडूतून थोडी शाडू मागून आणली आणि आठ बोटभर जवान, एक साहेब व एक लांगरी झाला. लांगऱ्याच्या हातात काडेपेटीच्या काडीचा डाव. पृथ्वी म्हणून निळा रबरी चेंडू मागच्या काळ्या कापडावर टांगला. आणि यान म्हणून पार्वतीबाईंचा पाच लिटरचा प्रेशर कुकर.

“यान असंच असतंय?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“आत दाब, वर शिट्टी, बाहेर पोकळी. शास्त्र एकच हाय.”

“मग भात कशात लावू?”

हा प्रश्न दीड महिना सुटला नाही. यान सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला मोहिमेवरून काढून गॅसवर चढवलं जाई, मग घासून पुसून पुन्हा चंद्रावर. हिंदुरावांनी कुकरच्या बुडाभोवती खडूची खूण केली होती आणि “यान जागेवर ठेवत जा,” असं ते दिवसातून दोनदा बजावत. तरी कधी कुकरचा कान इकडे, कधी तिकडे. एका दृश्यात यानातून वरणाची वाफ येते. अनुया म्हणाली, असू दे, इंधन दिसतं.

जुलैतल्या जयपुरात पंखा बंद ठेवून काम करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. पंखा लावला की चंद्र उडायचा. हिंदुराव बनियनवर, कपाळाला पंचा बांधून, चिमट्यानं जवानाचा पाय सूतभर पुढं सरकवत आणि “खिंच!” म्हणत. अनुया फोटो काढी. दिवसभरात जवान दोन पावलं चालत. घाम टपकून चंद्रावर खड्डे पडत, ते मात्र फार नैसर्गिक दिसत.

अशा घरात शेजाऱ्यांनी सल्ला न देणं शक्यच नव्हतं. समोरचे शेखावतजी रोज सकाळी पेपर घ्यायच्या निमित्तानं येत आणि जवानांची पाहणी करत.

“ढमाळ साब, मूँछें कहाँ हैं इनकी? बिना मूँछ का फौजी चाँद पर क्या करेगा?”

“वहाँ हवा नहीं है, शेखावतजी. मूँछ किसको दिखाएगा?”

“धरती को दिखाएगा,” शेखावतजी म्हणाले. हे हिंदुरावांना पटलं आणि त्या दिवशी आठही जवानांना मिशा आल्या. त्याआधीच्या तीनशे फोटोंत त्या नव्हत्या. चंद्रावर मिशा एका क्षणात उगवतात, असं ज्यांना पडद्यावर वाटलं त्यांनी हे कारण समजून घ्यावं.

पलीकडच्या गल्लीतल्या मंदाकिनीबाई मंडळाच्या महिला विभागप्रमुख. त्यांचं म्हणणं, चंद्रावर एक तरी बाई हवी, निदान हळदीकुंकवाला. सगळ्यांत ठाम मत मात्र एका माकडाचं होतं. ते आमेरच्या बाजूनं येणाऱ्या टोळीतलं असावं. खिडकीतून आलं, सगळ्या पलटणीवरून नजर फिरवली, माणसं मोजणारा साहेब तेवढा उचलला आणि गच्चीवर बसून त्याचं डोकं खाल्लं. हिंदुरावांनी रजिस्टरमध्ये नोंद केली: ‘साहेब, वानराकडून बेपत्ता.’

हे रजिस्टर फार महत्त्वाचं. फाटकावरच्या नोकरीतून हिंदुरावांनी एकच तत्त्वज्ञान बरोबर आणलं होतं. नंबराला नंबर लागला पाहिजे. संध्याकाळी एक नंबर कमी भरला, तर एक माणूस आत राहिला आणि त्याच्यावर कुलूप पडलं. म्हणून फोटोंचा आकडाही ते रोज संध्याकाळी लिहीत आणि सही करत.

इकडे मंडळाची परवानगी निघत होती. गणेशोत्सवात फिल्म दाखवायची म्हणून हिंदुरावांनी अर्ज केला. मंडळाचे सचिव सदाशिवराव मुजुमदार बँकेत कर्ज विभागात होते आणि मंडळ त्याच पद्धतीनं चालवत. अर्ज तीन प्रतींत हवा होता. सोबत कथासार, त्यातून मिळणारा संदेश, आणि ‘कलाकारांची संमतीपत्रं’.

“कलाकार शाडूचे हायत,” हिंदुराव म्हणाले.

“तसं लिहून द्या. तीन प्रतींत.”

दिलं. तिसऱ्या खेपेला परवानगी आणि वेळ मिळाली. पहिल्या दिवशी, प्रतिष्ठापनेच्या संध्याकाळी, आरतीनंतर. पहिला दिवस म्हणजे मान! हिंदुरावांनी त्या आनंदात पार्वतीबाईंना वीस मिनिटं कार्यक्रमाचं महत्त्व सांगितलं. त्या चौथ्या मिनिटाला झोपल्या.

शेवटचं दृश्य उत्सवाच्या आठ दिवस आधी घेतलं. सगळे गेले आहेत, लांगरी चंद्रावर एकटा बसून पृथ्वीकडे बघतोय. त्या दिवशी अनुयानं कॅमेरा संगणकाला जोडून दर वीस सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय केली, कारण तिच्या घरी पाहुणे होते. “काका, तुम्ही नुसती त्याची मान हळूहळू वर करा. झालं की हे बटण दाबून बंद करा.”

हिंदुराव मान वर करत होते. पूर्ण वर झाली आणि फोन वाजला. सदाशिवराव होते. “ढमाळ, ताबडतोब या. तातडीची बैठक आहे.”

तातडी हा शब्द ऐकला की हिंदुराव बूट घालत. बटण राहिलं.

बैठकीत पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं बसली होती. मध्ये मंडळाचे गोपीनाथ गुरुजी.

“फिल्म कशावर आहे?” गुरुजींनी विचारलं.

“चंद्रावर.”

“आणि दाखवणार कधी?”

“पहिल्या दिवशी. चतुर्थीला,” हिंदुराव अभिमानानं म्हणाले, आणि बोलताबोलताच त्यांच्या लक्षात आलं. बाकीचे चौघं खाली बघू लागले.

गणेशचतुर्थीला चंद्र बघायचा नसतो. बघितला तर माणसावर खोटा आळ येतो. लहानपणापासून त्या रात्री मान खाली घालून चाललेली दोनशे मराठी माणसं एका हॉलमध्ये बसवून त्यांना पाच मिनिटं सलग चंद्र दाखवायची तयारी हिंदुरावांनी दीड महिना घाम गाळून केली होती, आणि तीन प्रती वाचून मंडळानं ती मंजूर केली होती.

“दिवस बदला,” हिंदुराव म्हणाले.

“दुसरा दिवस अंताक्षरी, तिसरा हाउजी, चौथा वेशभूषा. सगळे भरलेत.”

“अहो, तो रांगोळीचा चंद्र हाय!”

“भाव आहे ना पण,” गुरुजी म्हणाले. “तुम्हीच म्हणताय हुबेहूब झालाय.”

इथं हिंदुरावांची कोंडी झाली. चंद्र हुबेहूब नाही, असं म्हणणं त्यांना जमणार नव्हतं. अर्ध्या तासानं ठराव झाला: चंद्राऐवजी मंगळ दाखवावा. मंगळाला पंचांगात काही हरकत नाही. सूचक मुजुमदार, अनुमोदन सर्वांचं.

हिंदुराव घरी आले ते पाय ओढत. दारातूनच म्हणाले, “अगं, चंद्र रद्द झाला.” आणि टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. ओल्या फडक्यानं पुसलेलं, मधोमध मिठाची बरणी.

“चंद्र कुठाय?”

“पुसला,” आतून पार्वतीबाई म्हणाल्या. “फोनवर म्हणालासा ना, आटोपलंय आता, येतो म्हणून? दीड महिना मांडीवर ताट घिऊन जेवतोय.”

मंडळाचा ठराव होऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती आणि घरात अंमलबजावणी होऊन गेली होती. कोपऱ्यात कॅमेरा मिठाच्या बरणीचे फोटो काढत होता. हिंदुरावांनी बटण दाबलं, आकडा बघितला, खाली बसले आणि सवयीनं रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘एकूण फोटो ३६००.’

अनुयानं ऐकलं आणि आधी दहा मिनिटं हसली. मग म्हणाली, “काळजी नको. संगणकावर सगळे फोटो लाल करते. चंद्राचा मंगळ होईल. आवाज माझाच आहे, चंद्र म्हटलंय तिथं मंगळ म्हणते.”

चार दिवस ती फोटो लाल करत बसली. वीज दुपारी दोन तास जायची, मग ती वर येऊन पार्वतीबाईंकडे ताक प्यायची. हिंदुरावांना वाईट वाटत होतं. ‘मंगळावरची चौकी’ हे नाव त्यांना शेजाऱ्याचा कोट घातल्यासारखं वाटत होतं. पण पार्वतीबाईंनी बघायला हवं, एवढंच त्यांनी धरलं होतं, मग ग्रह कुठलाही असो.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी अनुयानं त्यांना खाली बोलावलं. “सगळं तयार आहे. आता एक बटण दाबलं की संगणक तीन तासांत फोटो ओळीनं लावून फिल्म करेल. मी हॉलची सजावट करून येते. दहा वाजता बटण दाबा.”

ती गेली. दहाला वीस मिनिटं कमी होती. हिंदुरावांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि शेवटची तपासणी केली. संगणक म्हणत होता, फोटो ३४५६. रजिस्टर म्हणत होतं, ३६००.

एकशे चव्वेचाळीस कमी.

हिंदुरावांनी दोन्ही आकडे बोट ठेवून पुन्हा वाचले. पोरीनं दमून काहीतरी विसरलंय. आणि त्यांनी कादंबरी लिहिली होती ती कशावर? मोजणीत राहून गेलेल्या एका माणसावर. तीच चूक त्याच कादंबरीच्या फिल्ममध्ये? अनुयानं एकदा दाखवलं होतं, चुकून काही पुसलं गेलं तर ते संगणकातल्या कचऱ्याच्या डब्यात सापडतं आणि परत जागेवर पाठवता येतं. त्यांनी डबा उघडला. नंबर ३४५७ ते ३६००, सगळे तिथंच होते. काय आहे ते त्यांनी बघितलं नाही. फाटकावर ट्रक मोजायचा असतो, आतला माल बघायला वेगळा माणूस असतो. त्यांनी एकशे चव्वेचाळीस फोटो मानानं परत जागेवर पाठवले, आकडा ३६०० झाला, रजिस्टरमध्ये सही केली आणि दहा वाजता बटण दाबलं.

हॉल भरला होता. बँकवाले, विमावाले, छावणीतली कुटुंबं, पुढं सतरंजीवर पोरं. आरती झाली. पार्वतीबाईंना हिंदुरावांनी पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि स्वतः शेजारी बसले होते. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते पार्वतीबाईंच्या मानेकडे बघत होते.

दिवे गेले. लाल मंगळ आला. मिशा नसलेले जवान आले, पोरांनी टाळ्या पिटल्या. मिशा आल्या, शेखावतजी मागून “वाह!” म्हणाले. पहिलं मिनिट. मान सरळ. कुकरमधून वाफ आली, बायकांच्या रांगेत हशा. दुसरं मिनिट. साहेबानं माणसं मोजली. त्याच्या पुढच्या फोटोत साहेबच नव्हता. तिसरं, चौथं. यान उडालं. लांगरी एकटा राहिला. अनुयाचा आवाज म्हणाला, “आणि मंगळावर आता फक्त चुलीची राख उरली होती.” लांगऱ्यानं मान वर करून पृथ्वीकडे बघितलं.

पार्वतीबाई जाग्या होत्या. हिंदुराव मनात म्हणाले, जिंकलो.

इथं फिल्म संपायला हवी होती, पण ती संपली नाही. पडदा एकाएकी राखाडी झाला. लाल रंग न चढवलेला, राखेचा आणि रांगोळीचा, अगदी हुबेहूब चंद्र.

“अरे चंद्र! चंद्र!” सदाशिवराव ओरडले. “डोळे मिटा सगळे!”

निम्म्या हॉलनं डोळ्यांवर हात ठेवले आणि बोटांच्या फटीतून बघायला सुरुवात केली. कारण वरून, आभाळातून, एक प्रचंड हात खाली येत होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण, बोटांना पिठाचा पांढरा कण. हात लांगऱ्याजवळ थांबला. एका बोटानं त्याच्या टोपीवरची राख झटकली. हात गेला. मग परत आला तो कुकर घेऊन, आणि कुकर बरोबर खडूच्या खुणेवर ठेवला. लांगऱ्याला अलगद उचलून आत बसवलं. काडीचा डाव खाली पडला होता, तोही शोधून आत ठेवला. झाकण लागलं. वर शिट्टी बसली. कुकर उचलला गेला आणि वर, आभाळात, नाहीसा झाला. मग एक ओलं फडकं आलं आणि चंद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून गेलं. शेवटी मिठाची बरणी.

दिवे लागले. पोरं किंचाळायला लागली, “फिर से! फिर से!” आणि त्याच गोंधळात सदाशिवराव हिंदुरावांसमोर उभे राहिले.

“ढमाळ, मंडळाची फसवणूक आहे ही! मुद्दाम! ठराव धाब्यावर बसवून तुम्ही चंद्र लपवून आणलात!”

“लपवून?” हिंदुराव उभे राहिले. “मुजुमदार, मी एकशे चव्वेचाळीस नग मोजून परत जागेवर ठेवलेत. माझी सही हाय त्यावर.”

“काका!” अनुया मागून धावत आली. “ते काकूंच्या हाताचे फोटो मी काढून टाकले होते!”

“मला सांगायचं न्हाई व्हय? नंबर भरत नव्हता.”

गोपीनाथ गुरुजी हे सगळं शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “सदाशिवराव, चतुर्थीचा चंद्र बघितला की काय होतं?”

“खोटा आळ येतो.”

“तुम्ही आत्ता यांच्यावर काय घेतलात?”

हॉलमध्ये असं हसू फुटलं की समईची ज्योत हलली. मग गुरुजींनी माइक घेतला आणि दोष जावा म्हणून सगळ्यांना स्यमंतक मण्याची गोष्ट सांगितली. दोनशे माणसांनी मुकाट्यानं ऐकली. सदाशिवराव पहिल्या रांगेत हात जोडून.

विद्याधर नगरला परतताना रिक्षात हिंदुरावांची मान खाली होती, चंद्रासाठी आणि इतरही कारणांसाठी. घरात येऊन पार्वतीबाईंनी मोदकाचा डबा ठेवला आणि टेबलापाशी बसल्या.

“तुम्हाला राग आला का हाताचा?”

“न्हाई. पण त्याला कुकरात का घातलास तू?”

“आता बघा,” पार्वतीबाई म्हणाल्या. “बाकीचे डब्यात ठेवलेलं. ह्यो एकटाच बसलेला, मान वर करून. मला काय गोष्ट म्हाईत न्हवती. पर एकटं कुणाला ठेवत्यात व्हय? म्हणलं, न्यावा आत.” त्यांनी मोदकाचा डबा पुढं सरकवला. “पुस्तकात कोण नेतंय त्याला?”

“कुणीच न्हाई. तिथंच राहतो तो.”

“तिथंच? अडीचशे पानं?” पार्वतीबाईंनी कपाळाला हात लावला. “आन् घरी कुणी न्हाई का त्याची वाट बघणारं?”

हिंदुरावांनी चष्मा काढला. “हाय की.”

“कुठाय ती? पिच्चरमधी न्हवती.”

“पाचव्या पानावर.”

“मग काढा पाचवं.”

शिस्तीनं पहिल्यापासून वाचायला हवं होतं. हिंदुरावांनी पुस्तक आणलं, चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा चार पानं सोडली. वाचू लागले. गावातलं अंगण, हातात पत्र घेऊन उभा पोस्टमन, भोवती निम्मी आळी, आणि पत्र ऐकून झाल्यावर ते पिठाच्या डब्यात ठेवणारी एक बाई. मग पत्रात जे लिहिता आलं नाही ते. चार ओळी वाचून झाल्या आणि तीन वर्षांच्या सवयीनं हिंदुरावांनी थांबून मान वर केली, झोपली का ते बघायला.

पार्वतीबाई टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढं वाकल्या होत्या.

“थांबलासा का?” त्या म्हणाल्या.